मान सांभाळा, मगच उचला

रुग्णालयात दाखल असलेली वृद्ध व्यक्ती खाटेवरून पडली, तर पहिल्या काही मिनिटांत काय करावे, काय टाळावे आणि पुढील उपचारांत कुटुंबीयांचा वाटा कोणता?

घरातील वडीलधारे माणूस रुग्णालयात दाखल झाले, की आपल्या मनावरचे निम्मे ओझे उतरते. आता डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, यंत्रे आहेत, असे आपण स्वतःला समजावतो. परंतु वृद्धांच्या दृष्टीने रुग्णालय ही अपरिचित जागा असते. खाट घरच्यापेक्षा उंच असते, हाताला सलाइनची नळी असते, रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या औषधाचा अंमल असतो आणि चष्मा उशाशी कुठेतरी ठेवलेला असतो. अशा अवस्थेत मध्यरात्री लघवीची घाई होते, शेजारी झोपलेल्या मुलाला किंवा सुनेला उठवण्याचा संकोच वाटतो आणि उठता उठताच तोल जातो.

यानंतर काय होते, हे आपण अनेकदा पाहिले असेल. आवाज ऐकून माणसे धावतात, एक जण काखेत हात घालतो, दुसरा पाय धरतो आणि क्षणार्धात रुग्णाला खाटेवर बसवले जाते. पाण्याचा पेला ओठांशी लावला जातो. या धावपळीमागे माया असते, यात शंका नाही. पण मानेचा मणका मोडलेला असेल, तर उचलण्याच्या त्या एका हिसक्यात तो सरकू शकतो आणि तोवर शाबूत असलेला मज्जारज्जू दुखावू शकतो. म्हणून या प्रसंगी मायेला थोडा धीर धरायला शिकवावे लागते.

सात मणक्यांचा मार्ग

मानेच्या कण्यात सात मणके असतात. पहिला मणका कड्यासारखा असून तो डोक्याचा भार पेलतो. दुसऱ्या मणक्यातून दातासारखा एक उंचवटा वर येतो आणि पहिल्याच्या कड्यात बसतो. या उंचवट्याभोवती पहिला मणका फिरतो, म्हणूनच आपण 'नाही' म्हणताना मान डावी-उजवीकडे हलवू शकतो. या मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. त्याची जाडी जेमतेम करंगळीएवढी. परंतु हातापायांची हालचाल, स्पर्शाची जाणीव, मलमूत्रावरील ताबा आणि रक्तदाबाचे नियमन, हे सारे त्यातून जाणाऱ्या संदेशांवर अवलंबून असते.

श्वासाचाही मानेशी थेट संबंध आहे. छाती आणि पोट यांच्यामधील श्वासपटल हलवणारी नस मज्जारज्जूच्या मानेतील तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या पातळीतून निघते. इजा त्याच्या वर झाली, तर श्वासच थांबू शकतो. इजा थोडी खाली असेल, तर श्वासपटल काम करते, पण बरगड्यांमधील स्नायू दुबळे पडतात. असा रुग्ण केवळ पोटाने श्वास घेताना दिसतो आणि त्याच्या खोकल्यातील जोर नाहीसा होतो.

पडणे लहान, इजा मोठी

मान मोडण्यासाठी मोटारीचा अपघातच व्हावा लागतो, ही समजूत तरुणांपुरती बरीचशी खरी आहे. वृद्धांमध्ये उभ्या उंचीवरून किंवा खाटेवरून पडणेही पुरेसे ठरते. हाडे विरळ झालेली असतात, चकत्या झिजलेल्या असतात आणि मानेचा खालचा भाग ताठ झालेला असतो. त्यामुळे कपाळावर किंवा हनुवटीवर पडताच सारा आघात वरच्या दोन मणक्यांवर येतो. दुसऱ्या मणक्याच्या दातासारख्या उंचवट्याचा अस्थिभंग हा वृद्धांच्या मानेतील सर्वाधिक आढळणारा अस्थिभंग आहे. पुष्कळदा त्यात हातपाय नीट हलत असतात आणि रुग्ण केवळ 'मान जरा अवघडली' एवढेच सांगतो. त्यामुळेच तो नजरेतून निसटतो.

काही व्यक्तींबाबत धोका आणखी मोठा असतो. ज्यांचा कणा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिससारख्या विकाराने सांधून एकसंध झालेला आहे, त्यांचा कणा खडूच्या कांडीप्रमाणे किरकोळ आघातानेही मोडू शकतो. दीर्घकाळ आमवात असलेल्यांच्या पहिल्या दोन मणक्यांमधील बंध सैल झालेले असू शकतात. आपल्या घरातील व्यक्तीला यांपैकी एखादा विकार असेल, तर ती पडण्याची वाट न पाहता दाखल करतानाच तसे सांगावे. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञालाही ते ठाऊक असणे अगत्याचे आहे, कारण श्वासनलिकेत नळी घालताना मान मागे वळवावी लागते.

पहिली पाच मिनिटे

रुग्ण पडलेला दिसताच प्रथम खाटेजवळची घंटा वाजवा किंवा मोठ्याने हाक मारून परिचारिकेला बोलवा. त्यानंतर रुग्णाच्या शेजारी गुडघे टेकून असे बसा, की आपला चेहरा त्याला मान न वळवता दिसेल. पाठीमागून किंवा बाजूने हाक मारल्यास तो आवाजाच्या दिशेने मान वळवतो, आणि नेमके तेच टाळायचे असते. शांत स्वरात सांगा, 'बाबा, हलू नका. मी इथेच आहे. सिस्टर येत आहेत.'

त्याला उठवू नका, बसवू नका, डोक्याखाली उशी सरकवू नका. 'मान हलवून बघा बरं' असे चुकूनही म्हणू नका. मान चोळू नका, तेल लावू नका. पाणी, चहा किंवा वेदनाशामक गोळी देऊ नका. गिळताना ठसका लागू शकतो आणि तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली, तर पोट रिकामे असलेले बरे. अंगावर पांघरूण घालण्यास मात्र हरकत नाही. जमिनीवर पडलेली वृद्ध व्यक्ती लवकर गारठते.

दोन अपवाद नीट लक्षात ठेवावेत. पहिला श्वासाचा. रुग्ण प्रतिसाद देत नसेल आणि श्वास घेत नसेल, तर मानेच्या भीतीने हात आखडून बसू नये. छातीवर दाब देऊन जीव वाचवणे हे पहिले कर्तव्य. उलटी होत असेल, तर डोके, मान व धड एका रेषेत ठेवून, शक्य असल्यास दोघा-तिघांनी मिळून, त्याला कुशीवर वळवावे. दुसरा अपवाद गोंधळलेल्या रुग्णाचा. स्मृतिभ्रंश झालेली किंवा तापाच्या भरात असलेली व्यक्ती धडपड करू लागली, तर तिचे डोके बळाने दाबून धरू नये. अशा झटापटीने मानेला अधिक हिसके बसतात. तिला समजावत राहावे आणि ज्या स्थितीत ती शांत होते, त्या स्थितीत राहू द्यावे.

हाच प्रसंग घरी घडला, तर १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी आणि 'पडल्यामुळे मानेला मार लागला असावा' हे स्पष्ट सांगावे. उद्वाहन नसलेल्या इमारतीतून रुग्णाला खुर्चीत बसवून खाली उतरवणे किंवा रिक्षात अर्धवट आडवे करून नेणे टाळावे. हाडवैद्याकडे नेऊन मान 'बसवून' घेण्याचा विचार तर मनातही आणू नये.

पथक काय करते, आणि का

परिचारिका व डॉक्टर येताच त्यांच्यापैकी एक जण रुग्णाच्या डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोके स्थिर धरतो. ते ओढायचे नसते, केवळ हलू द्यायचे नसते. त्याच वेळी श्वासमार्ग मोकळा आहे का, हे पाहिले जाते. एरवी बेशुद्ध रुग्णाचे डोके मागे झुकवून श्वासमार्ग उघडतात. मानेच्या इजेची शंका असताना मान न झुकवता केवळ खालचा जबडा पुढे उचलला जातो. नळी घालून कृत्रिम श्वास देण्याची वेळ आली, तरी एका सहकाऱ्याचे हात डोक्यावरून निघत नाहीत.

त्यानंतर नाडी व रक्तदाब पाहिला जातो. पडल्यावर रक्तदाब घसरला, तर प्रथम शंका येते ती शरीरात कोठेतरी रक्तस्राव होत असल्याची. त्यात नाडी जलद चालते आणि त्वचा गार पडते. मज्जारज्जूच्या इजेत मात्र रक्तदाब कमी होऊनही नाडी संथ राहते आणि हातपाय उबदार लागतात. वृद्धांमध्ये हा भेद नेहमीच स्पष्ट नसतो, कारण हृदयविकाराच्या काही गोळ्या नाडी मुळातच मंद ठेवतात. म्हणून डॉक्टर आपल्याला 'कोणत्या गोळ्या चालू आहेत?' असे पुनःपुन्हा विचारतात. दुखावलेल्या मज्जारज्जूला पुरेसे रक्त मिळावे, यासाठी पुढील काही दिवस रक्तदाब फार खाली जाऊ न देणे हा उपचाराचाच भाग असतो. एरवी रक्तदाब वाढू नये म्हणून धडपडणाऱ्या कुटुंबाला हे उलटे वाटते. पण त्यामागे हे कारण आहे.

रुग्णाला जमिनीवरून उचलताना किंवा कुशीवर वळवताना चार-पाच माणसे लागतात. डोके धरणारी व्यक्ती 'एक, दोन, तीन' म्हणते आणि बाकीचे तिच्याच शब्दावर खांदा, कंबर व पाय एकाच वेळी वळवतात, जणू एखादा ओंडका सरळ गडगडवावा तसे. दोनच माणसे उचलू लागली, तर आपण नम्रपणे विचारावे, 'मानेला मार असेल का? आणखी कोणाला बोलवायचे का?' हा प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. रुग्णाच्या सोबत्याचा तो अधिकार आहे.

'साधा एक्स-रे पुरेसा नाही का?'

मानेची प्रतिमा कोणाची काढावी, यासाठी कॅनडातील डॉक्टरांनी २००१ मध्ये एक नियमावली प्रसिद्ध केली. ती जगभर वापरली जाते. शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या मानेला आघात झाल्याची शंका असेल आणि त्याचे वय ६५ किंवा त्याहून अधिक असेल, तर केवळ वयाच्या आधारे तपासणी करावी, असे ती सांगते. वृद्धांमध्ये वेदनेवर विसंबून चालत नाही. झिजलेल्या मणक्यांमुळे साध्या एक्स-रेमध्ये बारीक भेग दिसत नाही, म्हणून सीटी स्कॅन करतात. मज्जारज्जू, चकत्या आणि बंध यांची स्थिती पाहण्यासाठी एमआरआय लागतो. मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा झाल्याची शंका असल्यास रक्तवाहिन्यांचा स्कॅनही सुचवला जातो.

मान दुखावण्याइतका मार बसला, तर तो डोक्यालाही बसलेला असतो. रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर मेंदूभोवती रक्त साचण्याचा धोका वाढतो आणि ते कधीकधी काही तासांनी किंवा दिवसांनी प्रकट होते. वॉरफरिन, अॅसिट्रोम, अॅपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान, क्लोपिडोग्रेल, अॅस्पिरिन यांपैकी कोणतेही औषध चालू असल्यास ते डॉक्टरांना न विचारताच सांगावे. शेवटची गोळी केव्हा घेतली, तेही सांगावे.

हात लुळे, पाय मात्र चालते

वृद्धांच्या मानेची एक इजा विशेष फसवी आहे. पुढच्या बाजूस पडताना हनुवटी टेकते आणि मान झटक्याने मागे जाते. मणक्यांमधील मार्ग वयोमानाने आधीच अरुंद झालेला असतो. त्या क्षणी मज्जारज्जू चिमटला जातो आणि त्याचा मधला भाग दुखावतो. हाड मोडलेले नसते, त्यामुळे सीटी स्कॅन निर्दोष येऊ शकतो. रुग्णाचे पाय बऱ्यापैकी हलतात, प्रसंगी तो चालतोही. परंतु हातांतील बळ जाते, बोटांना मुंग्या येतात, तळहातांची आग होते आणि लघवी तुंबते.

अशा वेळी 'सलाइनमुळे हात जड झाला असेल' किंवा 'वयामुळे होते' अशी समजूत काढली जाते. म्हणून पडल्यानंतरचे दोन-तीन दिवस आपण डोळसपणे पाहत राहावे. रुग्णाला चमचा धरता येतो का? सदऱ्याचे बटण लावता येते का? लघवी झाली का? बोलताना धाप लागते का? आधी जमत असलेली एखादी गोष्ट आता जमेनाशी झाली असेल, तर ती वेळेसह डॉक्टरांच्या कानावर घालावी. रुग्णाचे पूर्वीचे बळ किती होते, हे रुग्णालयात आपल्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

पट्टा: आधारही, जाचही

मानेचा कडक पट्टा बांधला, की निम्मे उपचार झाले, असे अनेकांना वाटते. पट्टा उपयुक्त आहेच. परंतु वृद्ध देहाला तो जाचकही ठरतो. हनुवटीखाली, कानामागे आणि डोक्याच्या मागील भागावर दाबाच्या जखमा होतात. गिळणे अवघड होते, घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. समोरचे पाऊल न दिसल्यामुळे पुन्हा पडण्याची भीती असते. म्हणून पट्टा आवश्यक आहे का आणि किती काळ, याचा निर्णय तज्ज्ञांनी लवकर घ्यावा लागतो.

ज्यांची पाठ वाकलेली आहे आणि मान पूर्वीपासून पुढे झुकलेली आहे, त्यांच्याबाबत एक गोष्ट आपणच निक्षून सांगितली पाहिजे: 'यांची मान आधीपासून अशीच आहे.' अशा रुग्णाला सपाट झोपवून मान सरळ करू पाहणे धोक्याचे असते. तिच्या नेहमीच्या झुकावातच उशा किंवा घड्या घातलेल्या चादरी रचून तिला आधार देतात. रुग्णाचे एखादे जुने छायाचित्र भ्रमणध्वनीत असेल, तर ते डॉक्टरांना दाखवा. त्याचा मोठा उपयोग होतो.

पट्टा लावलेला असताना त्वचा दररोज तपासायला सांगा आणि घरी आल्यावर ती कशी तपासायची, हे शिकून घ्या. पट्टा काढताना मान कोणी धरायची, आतील पॅड केव्हा बदलायचे, पाठीवर झोपवून मान कशी पुसायची, हे परिचारिकेकडून एकदा प्रत्यक्ष करून घेतल्याशिवाय घरी जाऊ नका. घास लहान व मऊ असावा आणि प्रत्येक घासानंतर थांबावे. भरवताना खोकला येत असेल किंवा आवाज ओलसर वाटत असेल, तर भरवणे थांबवून डॉक्टरांना सांगावे.

शस्त्रक्रिया करावी का?

कुटुंबाची खरी कसोटी येथे लागते. मज्जारज्जूवर दाब असेल आणि हातापायांतील बळ जात असेल, तर दाब मोकळा करणारी शस्त्रक्रिया शक्यतो २४ तासांच्या आत व्हावी, असा आजच्या वैद्यकशास्त्राचा कल आहे. त्यामुळे 'नातेवाईक गावाहून येऊ देत, मग ठरवू' असे म्हणण्यास फारसा वेळ नसतो. पूर्वी अशा इजेत स्टेरॉइडची मोठी मात्रा सर्रास दिली जाई. तिचे दुष्परिणाम लक्षात आल्यावर ती सरसकट देणे आता मागे पडले आहे. ती दिली नाही, म्हणून उपचारांत हयगय झाली, असे समजू नये.

दुसऱ्या मणक्याच्या उंचवट्याचा अस्थिभंग झाला आहे, पण हातपाय शाबूत आहेत, अशा ऐंशी-पंचाऐंशी वर्षांच्या रुग्णाचा प्रश्न वेगळा असतो. शस्त्रक्रियेत भुलीचा धोका. पट्ट्यात आठ-बारा आठवड्यांचा जाच आणि हाड न जुळण्याची शक्यता. या वयात हाड पूर्ण जुळले नाही, तरी तेथे मजबूत तंतुमय सांधा तयार झाला आणि मणका सरकत नसला, तर पुष्कळदा तेवढे पुरते. त्यामुळे दोन्ही मार्ग योग्य असू शकतात. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत: काहीच केले नाही तर काय होईल? शस्त्रक्रियेने नेमके काय साधेल? त्यानंतरचे पहिले तीन महिने कसे जातील? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रुग्ण शुद्धीवर असेल, तर हे प्रश्न त्याच्यासमोर, त्याला सहभागी करून विचारावेत. मान त्याची आहे. तिच्याविषयीचा निर्णय दाराबाहेर कुजबुजत घेतला जाऊ नये.

पुढचे आठवडे

प्राचीन इजिप्तमधील, एडविन स्मिथ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पपायरसवर मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या रुग्णाचे वर्णन आहे, आणि त्यावर उपचार नाही, असा निर्वाळाही आहे. ही निराशा हजारो वर्षे टिकली. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे १९४४ मध्ये लुडविग गटमन यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी विभाग सुरू केला. रुग्णाला ठरावीक वेळाने कुशीवर वळवणे, मूत्राशयाची निगा राखणे आणि व्यायाम, अशा साध्या पण काटेकोर सेवेने माणसे जगू व उभी राहू लागली. मुंबईत महालक्ष्मी येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून पुनर्वसनाचे असे कार्य करीत आहे. औषधांइतकेच बळ या सेवेत आहे, आणि तिचा मोठा भाग घरच्यांच्या हातून घडतो.

मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णाची सेवा करणाऱ्यांनी एक धोक्याची खूण ओळखून ठेवावी. काही आठवड्यांनी अचानक डोके ठणकणे, चेहरा लाल होऊन घाम फुटणे आणि रक्तदाब भलताच वाढणे, असे झाल्यास बहुधा लघवीची नळी तुंबलेली किंवा पिळलेली असते, अथवा मलावरोध असतो. मान स्थिर असल्याचे डॉक्टरांनी सांगितलेले असेल, तर रुग्णाला बसते करा, घट्ट कपडे सैल करा, नळी सरळ करा आणि विनाविलंब वैद्यकीय मदत घ्या.

आज करता येण्याजोगे

पडणे टाळणे हाच सर्वोत्तम उपचार. दाखल होताच खाट खाली करून घ्या, तिची चाके पक्की आहेत का पाहा. घंटेचे बटण, चष्मा, श्रवणयंत्र आणि पाणी हाताशी ठेवा. पायात न घसरणारी पादत्राणे असू द्या. झोपण्यापूर्वी आणि पहाटे स्वतःहून विचारा, 'लघवीला जायचे आहे का?' रात्री सोबतीला असाल, तर निजण्यापूर्वी एवढे नक्की सांगा, 'मला उठवा. मला त्रास होत नाही.' संकोचापोटी घडणारे कितीतरी अपघात या एका वाक्याने टळतील.

आणि एक कागद तयार ठेवा. त्यावर चालू औषधे, रक्त पातळ करणारी गोळी आहे का, आमवात किंवा ताठ कण्याचा विकार आहे का, मान पूर्वीपासून वाकलेली आहे का आणि रुग्ण एरवी काय काय स्वतः करू शकतो, हे ठळक अक्षरांत लिहा. त्याची एक प्रत रुग्णाच्या फाइलला लावा, दुसरी आपल्याजवळ ठेवा. मध्यरात्री धावपळीत आपल्याला काही आठवले नाही, तरी तो कागद डॉक्टरांना सारे सांगेल.